लाखेवर कोरलेला इतिहास

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आपल्यापुढें कागद येतो. मोडी दफ्तरें, सनदा, ताम्रपट, शिलालेख, शकावल्या, आणि अगदींच कांहीं न मिळालें तर एखादी बखर. मीं स्वतः चौतीस वर्षें शाळेंत इतिहास शिकविला तो याच साधनांवर विसंबून. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला साधा शाळामास्तर, संशोधक नव्हें. परंतु अस्सल पत्र कोणतें आणि मागाहून रचलेली हकीकत कोणती, हें ओळखण्याची संवय या व्यवसायांत माणसाला आपोआप लागते. निवृत्त झाल्यावर ती संवय सुटावी, तर ती भलत्याच ठिकाणीं उपयोगास आली. तेंच आज श्रोत्यांपुढें मांडावें असें मनांत आहे.

गेल्या पावसाळ्यांत एका स्नेह्यांच्या घरीं जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकण्याचा योग वारंवार आला. त्यांच्या वडिलांनीं जमविलेल्या तबकड्या दोन ट्रंकांत भरून माळ्यावर पडल्या होत्या. चावीचें यंत्र दुरुस्त करून घेतलें. ज्या तबकड्या यंत्रावर चढविण्यासारख्या राहिल्या नव्हत्या त्यांच्या नकला संगणकावर ऐकावयास मिळाल्या. ऐकतां ऐकतां माझ्या ध्यानांत आलें कीं, आपण येथें केवळ करमणूक करून घेत नाहीं. आपण एक दफ्तर वाचीत आहोंत. प्रत्येक तबकडीच्या मधोमध कागदी चकती असते. तीवर गाणाराचें नांव, रागाचें नांव छापलेलें असतें; हा झाला मायना. चकतीच्या कडेला लाखेंतच उमटलेला एक बारीक आंकडा दिसतो. ती मुद्रणाची नोंद, म्हणजे शिक्काच. आणि मधला मजकूर? तो तर खुद्द माणसाच्या तोंडचा. पेशव्यांच्या पत्रांत पेशव्यांचें अक्षर सांपडतें, पण त्यांचा आवाज कसा होता हें सांगणारा कागद अद्याप कोणास मिळालेला नाहीं.

हें दफ्तर हिंदुस्थानांत सुरू केव्हां झालें? एडिसनचें फोनोग्राफ यंत्र १८७७ सालचें. सपाट तबकडीची युक्ति एमिल बर्लिनरची, ती १८८७ सालची. पण आपल्या गाण्याच्या दृष्टीनें खरा आरंभ १९०२ सालचा. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीनें फ्रेड गायस्बर्ग नांवाचा आपला माणूस पूर्वेकडे धाडला. तो कलकत्त्यास उतरला आणि नोव्हेंबर महिन्यांत त्यानें तेथील गायिकांचें मुद्रण केलें. त्या पहिल्या खेपेंत जिचें नांव पुढें देशभर झालें ती गौहरजान.

गौहरजानचा जन्म १८७३ सालीं आझमगढला झाला. तिचें जन्मनांव अँजेलिना. वडील आर्मेनियन वंशाचे. आईबाप विभक्त झाल्यावर आईनें इस्लाम धर्म स्वीकारला, मलकाजान हें नांव घेतलें, आणि मुलगी गौहरजान झाली. तिची भैरवींतील एक ठुमरी आम्हीं ऐकली. गाणें संपतें न संपतें तोंच ती चढ्या आवाजांत, इंग्रजीमध्यें, आपलें नांव सांगून मोकळी होते. प्रथम ऐकणाराला हा प्रकार चमत्कारिक वाटतो. कित्येकांना तो अहंकारहि वाटला आहे. वस्तुस्थिति अशी कीं, मुद्रण कलकत्त्यास होई, पण तबकड्या छापल्या जात त्या जर्मनींत, हॅनोव्हर येथें. तेथील कारागिरांना आपल्या भाषांचा गंध नसे. कोणत्या तबकडीवर कोणाच्या नांवाची चकती चिकटवावयाची हें त्यांना कळावें म्हणून गाणारानेंच अखेरीस नांव पुकारावयाचें, अशी ती रीति होती. पत्राच्या शेवटीं लेखनसीमेचा शिक्का मारीत, तशांतलाच हा प्रकार. १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदह येथें कारखाना निघाला आणि तबकड्या येथेंच छापूं लागल्या, तेव्हां या पुकाऱ्याची निकड राहिली नाहीं.

या तबकडीची मर्यादा तीन मिनिटांची. मोठी बारा इंची असली तर चार-साडेचार. ज्या गाण्याला मैफलींत तासभर लागावयाचा तें या तीन मिनिटांत कसें बसवावयाचें? शिवाय मुद्रणाच्या खोलींत विजेचें कांहींहि साहाय्य नव्हतें. भिंतींतून एक मोठा कर्णा पुढें आलेला असे, त्याच्या तोंडांत जवळजवळ डोकें घालून गावयाचें. आवाजाच्या कंपनानें पलीकडे सुई हलावयाची आणि मेणाच्या तबकडींत रेघ उठावयाची. तान वर गेली म्हणजे मान मागें घ्यावी, खर्जांत उतरलें कीं पुढें सरावें. नाहींतर रेघ बिघडलीच. तंबोऱ्याचा नाद तर त्या कर्ण्यापर्यंत पोंचावयाचा नाहीं, म्हणून जुन्या तबकड्यांत तंबोरा असून नसल्यासारखा. या अडचणींतून गौहरजान जें गायली आहे तें मन लावून ऐकावें. पहिल्या चार-पांच सेकंदांत सूर लागलेला असतो. मुखडा, दोन आलाप, बोल खुलविण्याची एखादी जागा, पाठोपाठ चारदोन ताना, पुन्हां मुखडा, आणि नांव. कोठें घाई नाहीं आणि कोठें वेळ वायां गेलेला नाहीं. शाळेंत पस्तीस मिनिटांच्या तासांत पानिपत आटोपावें लागे. त्यामुळें या कसबाची किंमत मला कदाचित् इतरांहून अधिक कळत असेल.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें अवश्य आहे. या नव्या यंत्रापुढें प्रथम बसल्या त्या बायका, आणि त्याहि ज्यांना तत्कालीन समाज प्रतिष्ठित मानीत नसे अशा. तवायफा, कलावंतिणी, नाटकशाळेंतील नटी. थोर थोर खाँसाहेब व बुवा यंत्रापासून दूर राहिले. कोणाला तीन मिनिटांत गाणें म्हणजे विद्येचा अपमान वाटे; कोणाला आपली तालीम परक्यानें चोरून नेण्याची भीति; यंत्रांत गायल्यानें आवाज जातो, अशीहि समजूत कित्येकांची होती. या बायकांनीं ती भीति बाळगली नाहीं, आणि म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतलें हिंदुस्थानी गाणें आज जें कांहीं शिल्लक आहे त्याचा फार मोठा भाग त्यांच्या गळ्यांतला आहे. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना एक ओळहि मिळत नाहीं. चकतीवर नांव आहे, गांव आहे, आवाज तर साक्षात् आहे. आणि बाई कोण, जन्मली कोठें, शिकली कोणाजवळ, वारली केव्हां, याचा पत्ता नाहीं, अशीं नांवें त्या ट्रंकांतूनच पांच-सहा निघालीं. लढाईंत पडलेल्या शिलेदाराच्या घोड्याचा रंग आपल्याला ठाऊक असतो!

माझ्या आजीनें सांगितलेली एक गोष्ट यासंबंधांत आठवते. तिच्या माहेरीं कर्ण्याचा फोनो होता. तो ओटीवर लागे आणि बायकांनीं माजघरांतून ऐकावें असा रिवाज. ज्या गाणारीणला त्या ओटीची पायरी चढूं दिली नसती तिचा आवाज मात्र रोज संध्याकाळीं ओटीवरून माजघरांत खुशाल येई. घरांतल्या मुलींनीं गाणें शिकूं नये असा वडीलधाऱ्यांचा कडक दंडक. तरी आजीला तीन ठुमऱ्या अक्षरशः सुरांसकट पाठ होत्या, आणि त्या ती जात्यावर म्हणत असे. दळतांना ओवीच म्हणते आहे अशी सगळ्यांची समजूत! तिची गुरु कोण, हें तिलाहि ठाऊक नव्हतें. चकतीवरचीं इंग्रजी अक्षरें तिला वाचतां येत नव्हतीं.

जातां जातां तबकडीच्या लाखेविषयीं. आपल्याकडे कासारणीच्या बांगडीची आणि पांडवांच्या लाक्षागृहाची लाख ती हीच. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या फांद्यांवर एक बारीक किडा जमतो, त्याच्या स्रावापासून लाख होते. आणि ती जगाला पुरविणारा मुख्य देश हिंदुस्थान. तीत दगडाची पूड, कापसाचे तंतु आणि काजळी मिसळून, तापवून, तबकडी दाबून काढीत. म्हणजे गाणें हिंदुस्थानचें, लाखहि हिंदुस्थानची. ती येथून बोटींतून जर्मनीस जावयाची आणि तबकडी होऊन पुन्हां येथें विकावयास यावयाची. कापसाचा आणि मँचेस्टरच्या धोतरजोड्यांचा इतिहास ज्यांनीं वाचला आहे त्यांना यांत नवें कांहीं वाटणार नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत लाखेची टंचाई पडली तेव्हां इंग्लंड-अमेरिकेंत जुन्या तबकड्या लोकांकडून परत घेऊन त्या वितळवून नव्या केल्या गेल्या. किती आवाज त्या कढयांत विरघळले असतील देव जाणे. आपल्याकडे वितळविण्याचें कारण पडलें नाहीं. आपण त्या भंगारवाल्याला दिल्या. एका गांवच्या वाचनालयानें जागा अडते म्हणून तबकड्यांनीं भरलेलें आख्खें कपाट रद्दीच्या भावानें काढून टाकलेलें मीं या डोळ्यांनीं पाहिलें आहे.

आतां ज्या तबकड्यांसाठीं मी पुन्हां पुन्हां त्या घरीं गेलों त्यांकडे वळतों. त्या अब्दुल करीमखाँसाहेबांच्या. खाँसाहेब १८७२ सालीं किराणा येथें जन्मले. बडोद्यास दरबारीं राहिले. तेथून ताराबाई माने यांच्यासह बाहेर पडले. पुण्यांत १९१३ सालीं त्यांनीं आर्य संगीत विद्यालय काढलें. आणि अखेर मिरजेस स्थायिक झाले. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे हीं त्यांचीं मुलें. त्यांच्या उत्तरवयांतील गाणें ओडियन कंपनीनें १९३४ च्या पुढें मुद्रित केलें. एव्हांना मुद्रणांत विजेचा प्रवेश झाला होता. १९२५ पासून युरोप-अमेरिकेंत आणि लवकरच आपल्याकडे कर्णा जाऊन मायक्रोफोन आला, त्यामुळें गाणाराला ओरडण्याचें कारण उरलें नाहीं. खाँसाहेबांच्या बारीक, टोंकदार, आंत आंत जाणाऱ्या आवाजाला हा बदल झाला नसता तर त्या आवाजाचें काय झालें असतें याची कल्पनाच करवत नाहीं. कर्ण्याच्या काळांत तो अर्धा हरवला असता.

झिंझोटींतली ती ठुमरी ऐकावी, जोगिया ऐकावा, भैरवी ऐकावी. तीन मिनिटांचें बंधन येथेंहि आहे. पण गौहरजानला ज्या जागेंत सर्व कांहीं मांडून दाखवावयाचें असतें, त्याच जागेंत खाँसाहेब एकच सूर धरून बसतात. वेळ थोडा आहे ही जाणीव जणूं त्यांना शिवतच नाहीं. षड्जावर स्थिरावतात, निषादाकडे नुसतें पाहून परत येतात, आणि ऐकणाराला वाटतें कीं आपण बराच वेळ येथें बसलों आहोंत. घड्याळाकडे पाहावें तो दोन मिनिटेंहि झालेलीं नसतात. शब्दांच्या बाबतींत त्यांची फार आस्था नव्हती. ते अस्पष्ट येतात, हें मान्य केलें पाहिजे. माझे स्नेही यावरून त्यांना उणें देतात. मला तो दोष दिसतो, पण ऐकतांना टोंचत नाहीं. 'मानापमाना'तील पदहि त्यांनीं दिलेलें आहे आणि कर्नाटक संगीतांतील खरहरप्रियाहि. उत्तरेंतल्या मुसलमान उस्तादानें मराठी नाटकाचें पद आणि तेलुगु कृति एकाच यंत्रापुढें गावी, यांत त्याला स्वतःला कांहीं विशेष वाटलें असेल असें त्या आवाजावरून दिसत नाहीं. १९३७ च्या ऑक्टोबरांत पाँडिचेरीकडे जात असतां वाटेंत सिंगपेरुमाळ कोइलच्या रेल्वेफलाटावर त्यांचा अंत झाला. देह मिरजेस आणला. ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यांत त्यांची कबर आहे, आणि तेथील उरुसांत आजहि गवई हजेरी लावतात.

या तबकड्यांनीं पुढें काय घडविलें याचें एक उदाहरण सर्वश्रुत आहे. गदगच्या एका शाळामास्तरांचा मुलगा दुकानाशीं उभा राहून अब्दुल करीमखाँची तबकडी ऐके, आणि असें गाणें आपल्याला आलें पाहिजे या एका ध्यासानें घर सोडून निघून गेला, असें तो पुढें स्वतः सांगत असे. त्याचें नांव भीमसेन जोशी. बऱ्याच भटकंतीनंतर त्याला गुरु मिळाले ते सवाई गंधर्व, म्हणजे अब्दुल करीमखाँचेच शिष्य. येथें मुलाच्या बापाविषयीं कोणी बोलत नाहीं. मास्तराचें पोर दुकानाशीं उभें राहून शाळा बुडवितें आणि एके दिवशीं नाहींसें होतें, यांत त्या घरावर काय प्रसंग आला असेल तो आम्हां मास्तरमंडळींनाच ठाऊक.

परंतु तबकड्यांचें दफ्तर जितकें सांगतें तितकेंच लपवितें, हें विसरून चालणार नाहीं. किर्लोस्कर मंडळींतील भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं वारले. ज्यांच्या एका पदासाठीं लोकांनीं मैलोगणती चालत यावें अशी ख्याति, त्यांचा आवाज अवघ्या दीड-पावणेदोन वर्षांनीं हुकला. हा काळाचा खेळ म्हणून सोडून देतां येईल. पण भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत होते. पुण्यांत यंत्रें होतीं, कंपन्यांचे लोक येत होते. बालगंधर्व, मास्तर कृष्णराव हे बुवांचे शिष्य. त्यांच्या तबकड्या घरोघरीं गेल्या. बुवांची एकहि नाहीं. अल्लादियाखाँसाहेब तर १९४६ पर्यंत हयात होते. जयपूर घराण्याचे ते आद्य पुरुष. त्यांचीहि तबकडी नाहीं.

याचा परिणाम काय होतो तो पाहा. आज एखादा विशीतला तरुण जुन्या गाण्याचा अभ्यास करावयास बसला म्हणजे ज्यांचे आवाज उपलब्ध आहेत तेच त्याला त्या काळचे मोठे गवई वाटतात. बाकीचे आख्यायिकांत जातात. भास्करबुवांची थोरवी आम्ही सांगतों, पण ती बखरीसारखी. पुरावा मागितला तर हात रिकामे. मराठ्यांच्या इतिहासांत ज्या घराण्याचें दफ्तर शाबूत राहिलें त्याचा पराक्रम मोठा दिसतो आणि ज्याचें जळलें तें घराणें नाममात्र उरतें, हा अनुभव जुनाच आहे. गाण्यांतहि तेंच. मला असें वाटतें कीं बुवांनीं आणि खाँसाहेबांनीं नकार दिला तो त्यांच्यापुरता सन्माननीय असेल. पण पुढच्यांचें त्यानें नुकसान झालें. माझ्या स्नेह्यांना हें विधान मुळींच मान्य नाहीं. ते म्हणतात, शिष्याच्या गळ्यांत उतरलेलें गाणें हीच खरी नक्कल, लाखेंत उतरलेली ती खोटी. यावर आमचा दोन शनिवार वाद झाला आणि तो सुटला नाहीं.

या साधनांत खोटें कांहीं नसतेंच असेंहि नाहीं. आरंभींच्या तबकड्यांचा वेग एकसारखा नव्हता. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचा नियम मागाहून पक्का झाला. त्यापूर्वीं कोणी चौऱ्याहत्तरच्या वेगानें मुद्रण करी, कोणी ऐंशींच्या. चौऱ्याहत्तरची तबकडी अठ्ठ्याहत्तरवर फिरविली कीं पांढरी एक मध्यें गाणारा माणूस काळी एक मध्यें गाऊं लागतो, आणि त्याच्या तानाहि तितक्याच चपळ होतात. आवाज पातळ होतो. मग आपण म्हणतों, काय हा तयारीचा गळा! ती तयारी थोडीशी यंत्राची असते. म्हणून जाणते संग्राहक आधीं साथीची पेटी कोणत्या पट्टींत वाजते तें पाहतात आणि मग वेग ठरवितात. अस्सल पत्राची तारीख चंद्रसूर्यांच्या गतीवरून पडताळून पाहावी तसेंच हें.

अठ्ठेचाळीस सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें लांब वेळ चालणारी तबकडी काढली. मिनिटास ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे, लाखेऐवजीं व्हिनाइल, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटें. अल्बम हा शब्द मात्र तिच्याहून जुना. पूर्वीं मोठी विलायती रचना चार-पांच तबकड्यांवर पसरलेली असे, आणि त्या तबकड्या छायाचित्रांच्या वहीसारख्या कागदी खिशांच्या जाड पुस्तकांत घालून विकीत, तोच अल्बम. पुढें एकाच तबकडींत तें सर्व मावूं लागलें तरी नांव कायम राहिलें. आपल्या रागसंगीताची पहिली लांब तबकडी १९५५ सालीं अमेरिकेंत निघाली. अली अकबरखाँचा सरोद, चतुरलालचा तबला. एका बाजूस सिंधुभैरवी, दुसरीस पिलू, आणि आरंभीं यहुदी मेन्युहिन यांनीं स्वतः परिचय करून दिलेला. ज्या श्रोत्यांना राग म्हणजे काय हें ठाऊक नाहीं त्यांना तें नम्रपणें समजावून देणारा तो आवाज ऐकून माझ्यांतला मास्तर प्रसन्न झाला.

मुंबईस या काळांत ध्वनिमुद्रणाची सूत्रें ज्यांच्या हातीं होतीं ते गोविंद नारायण जोशी, म्हणजे जी. एन. जोशी, हे मूळचे वकील. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता गाऊन ते महाराष्ट्रांत घरोघरीं पोंचले आणि पुढें हिज मास्टर्स व्हॉइस कंपनींत गेले. मानी, लहरी, टाळाटाळ करणाऱ्या कलावंतांना गोडीगुलाबीनें यंत्रापुढें आणून बसविण्याचें त्यांचें काम. भास्करबुवांच्या वेळीं असा एखादा माणूस असता तर! १९६७ सालीं त्यांच्या निर्मितीखालीं 'कॉल ऑफ द व्हॅली' निघाला. शिवकुमार शर्मांचें संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बांसरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, माणिकराव पोपटकरांचा तबला. काश्मीरच्या एका मेंढपाळाचा दिवस पहांटेच्या अहीरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत मांडलेला आहे. संतुराला रागसंगीतांत जागा मिळेल कीं नाहीं याविषयीं तेव्हां जाणकारांत शंका होती, आणि गिटार तर परक्या मुलखाची. आज जगभर हा अल्बम ऐकला जातो. मला तो गोड वाटतो. क्वचित् फार गोड वाटतो. त्याच स्नेह्यांकडे त्यानंतर अमीरखाँसाहेबांची १९६० सालची तबकडी लावली, एका बाजूस मारवा आणि दुसरीस दरबारी. झूमऱ्यांतला तो विलंबित मारवा सुरू झाल्यावर खोलींत कोणी बोलेना. बाजू संपली तेव्हां दिवा लावण्याचें भान नव्हतें. गौहरजानच्या तीन मिनिटांनंतर अठ्ठावन्न वर्षांनीं ख्यालाला घरांतल्या घरांत पाय पसरावयास जागा मिळाली.

राहिली केसरबाई केरकर. जन्म १८९२, गोव्यांतील केरी गांवचा. अल्लादियाखाँसाहेबांची ही शिष्या. म्हणजे ज्या आवाजाची तबकडी नाहीं त्याची कांहीं खूण हवी असेल तर ती येथें आणि मोगूबाई कुर्डीकरांच्या मोजक्या तबकड्यांत शोधावी. केसरबाई मोठ्या करारी. मैफलींत मनाप्रमाणें शांतता नसेल तर त्या गात नसत. १९६० नंतर लवकरच त्यांनीं जाहीर गाणें बंद केलें. त्यांची भैरवीची एक जुनी तबकडी आहे, साडेतीन मिनिटांची. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें सूर्यमालेच्या पलीकडे धाडलीं. दुसरें कोणी प्राणी अवकाशांत असतील तर त्यांना पृथ्वीची ओळख पटावी म्हणून प्रत्येक यानावर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तबकडी बसविली. तीत जगांतील सत्तावीस संगीतरचना आहेत. त्यांतली एक केसरबाईंची भैरवी. रॉबर्ट ब्राउन नांवाच्या संगीतविद्वानानें तिची शिफारस केली होती. पहिलें व्हॉयेजर ५ सप्टेंबरला निघालें, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईंत वारल्या. २०१२ सालीं तें यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलें.

त्या तबकडीसंबंधीं एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. तिच्याबरोबर सुई दिलेली आहे, आणि वेष्टनावर चित्रें कोरून ती कशी ठेवावी, कडेपासून आंत कशी चालवावी हें दाखविलें आहे. वेगहि नोंदला आहे. एका फेऱ्यास ३.६ सेकंद, म्हणजे मिनिटास १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेरे; पण पलीकडच्याला आपला सेकंद कसा कळावा, म्हणून तो उद्जन वायूच्या अणूंतील एका बदलाला लागणाऱ्या काळाच्या पटींत लिहिला आहे. पट्टी चुकणार नाहीं याची इतकी काळजी. कलकत्त्याच्या त्या पहिल्या तबकड्यांवर वेगाचा आंकडा कोणी घातला नव्हता, आणि गौहरजानची पट्टी नेमकी कोणती यावर संग्राहकांचा अजून वाद चालू आहे.